घडीचा चाकू खिशात बाळगणे गुन्हा आहे का?

प्रश्न : मी कोल्हापुरात एसी बसवण्याचे आणि दुरुस्तीचे काम करतो. वायरी सोलणे, खोकी उघडणे यासाठी तीन इंच पात्याचा घडीचा चाकू नेहमी माझ्या खिशात असतो. पुढील महिन्यापासून कामानिमित्त मुंबईत राहावे लागणार असून अधूनमधून दिल्लीलाही जावे लागेल. मोठ्या शहरात असा चाकू सापडला की पोलीस थेट ‘आर्म ॲक्ट’ लावतात, असे सहकारी सांगतात. हे खरे आहे का?
— एक वाचक, उद्यमनगर, कोल्हापूर

उत्तर : सरसकट तसे नाही, पण आपल्या सहकाऱ्यांची भीती अगदीच निराधारही नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार आक्रमणासाठी किंवा संरक्षणासाठी बनवलेली वा तशी करून घेतलेली वस्तू म्हणजे शस्त्र, आणि निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू या व्याख्येतून वगळलेल्या आहेत. शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या, तलवारी, खंजीर इत्यादींचा स्वतंत्र वर्ग केलेला असून घरगुती, शेती, शास्त्रीय व औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातूनही वगळलेली आहेत. म्हणूनच आपल्याकडे ऊसतोडीचा कोयता किंवा चप्पल कारागिराची रापी कामाच्या जागी वापरायला परवाना लागत नाही. मात्र तोच कोयता चौकात नाचवला, तर तो शेतीचे अवजार असल्याचा बचाव टिकणे कठीण असते. आपला तीन इंची चाकू या मापात मुळीच बसत नाही.

खरी अडचण निराळीच आहे आणि बहुतेकांना ती ठाऊक नसते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांना आणि अन्यत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांना ठरावीक मुदतीसाठी मनाई आदेश काढता येतो. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या सुमारास कोल्हापूर जिल्ह्यातही असे आदेश निघतात आणि वर्तमानपत्रात छापून येतात. आपण ती बातमी जमावबंदीची म्हणून वाचतो आणि पुढे जातो. त्याच आदेशात शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, सुरे, लाठ्या आणि ‘शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू’ जवळ बाळगण्यास बंदी असते. येथे पात्याच्या लांबीचा प्रश्नच उद्भवत नाही. आदेश मोडल्यास वस्तू काढून घेतली जाते व ती सरकारजमा होते, शिवाय कलम १३५ नुसार एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. आणि विशेष कारणे लेखी नोंदवल्याशिवाय ही कैद चार महिन्यांपेक्षा कमी देता येत नाही. खिशातल्या एका चाकूसाठी ही शिक्षा लहान नव्हे. आदेश जाहीर प्रसिद्ध झालेला असावा लागतो हे खरे, आणि तसा बचाव न्यायालयात घेताही येतो, परंतु त्यासाठी खटल्याच्या तारखा कराव्या लागतात आणि रोजंदारी बुडते ती आपलीच. म्हणून मुंबईत गेल्यावर तेथे कोणता आदेश चालू आहे, हे पोलीस आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर पाहावे किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात विचारावे.

दिल्लीची गोष्ट आणखी वेगळी आहे. तेथे १९८० च्या अधिसूचनेनुसार बटणाचे, स्प्रिंगचे, गरारीदार (दातेरी खटक्याचे) अशा यांत्रिक खटक्याने उघडणाऱ्या वा मिटणाऱ्या चाकूंवर निर्बंध आहे, पाते ७.६२ सेंटिमीटर किंवा अधिक लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा अधिक रुंद असले, की तो चाकू त्यात येतो. तीन इंच म्हणजे नेमके ७.६२ सेंटिमीटर. तेव्हा पट्टी घेऊन पाते मोजावे आणि मुख्य म्हणजे चाकू उघडतो कसा ते पाहावे. नखाने ओढून उघडणारा साधा चाकू आणि बटण दाबताच फटकन उघडणारा चाकू, या दोहोंकडे पोलीस एकाच नजरेने पाहत नाहीत. बटणाचा असेल तर तो दिल्लीला मुळीच नेऊ नये. ऑनलाइन सहज मिळाला म्हणजे तो बाळगणे कायदेशीर झाले, असा समजही करून घेऊ नये.

माझा सल्ला असा की चाकू खिशात न ठेवता पक्कड, टेस्टर यांच्यासोबत हत्यारांच्या पिशवीत ठेवावा, कामाची पावती किंवा कंपनीचे ओळखपत्र जवळ असावे आणि सुट्टीच्या दिवशी फिरायला जाताना तो खोलीवरच राहू द्यावा. विमानाने जात असाल तर तो हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इन सामानात द्यावा. मेट्रोच्या तपासणीतही तो अडवला जाऊ शकतो. पोलिसांनी विचारल्यास वाद न घालता काम काय करता ते खरे सांगावे. चाकू जप्त झालाच, तर पंचनाम्यावर पात्याचे माप आणि चाकूचा प्रकार बरोबर लिहिला आहे का, हे वाचूनच सही करावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण व्हावे लागते. पुढे वाद झाला तर ते आपल्याच उपयोगी पडते.

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात रात्रपाळी करते. स्वसंरक्षणासाठी तिने पर्समध्ये लहान चाकू ठेवला तर चालेल का?
— एक आई, गडहिंग्लज

उत्तर : ताई, आपली काळजी मला समजते, तरीही मी ठेवू नये असेच सांगेन. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क दिलेला आहे, पण तो हल्ला होत असताना प्रतिकार करण्याचा हक्क आहे, हत्यार घेऊन फिरण्याची परवानगी नव्हे. शस्त्राच्या व्याख्येत ‘संरक्षणासाठी’ हा शब्द आहेच. त्यामुळे चाकू संरक्षणासाठी ठेवला आहे असे सांगताच तो फळे कापण्याचा उरत नाही. पुण्यात मनाई आदेश लागू असेल, तर वर सांगितलेले कलम १३५ तिलाही लागू होईल. शिवाय झटापटीत चाकू हिसकावला जाण्याचा धोका आहे, आणि मला त्याची भीती कायद्यापेक्षाही अधिक वाटते. रात्रपाळीच्या महिलांना घरापर्यंत सोडण्याची व्यवस्था तिच्या कंपनीकडे आहे का, याची चौकशी तिने लेखी अर्ज देऊन करावी आणि ११२ हा क्रमांक फोनमध्ये पटकन लागेल असा ठेवावा.