प्रश्न वाचकांचे : सूर्यफुलाची मुळे आणि जमिनीतील ओल

सूर्यफुलाविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत पानांची, फुलाच्या आकाराची किंवा पोचट दाण्यांची तक्रार आहे; पण पत्रे नीट वाचली तर दुखणे जमिनीखालचे आहे हे लक्षात येते. म्हणून या वेळी मुळे आणि ओल यांच्या संबंधापुरतेच प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : पेरणीपासून दर तीन-चार दिवसांनी मी पिकाला हलके पाणी देतो. पीक हिरवेगार दिसते, पण एखादी पाळी चुकली की लगेच माना टाकते. लागूनच असलेल्या शेतात पाण्याच्या पाळ्या कमी असूनही पीक तग धरून राहते. जमीन एकच असताना असे का व्हावे?

उत्तर : जमीन एकच असली तरी दोन्ही पिकांची मुळे एकाच खोलीवर नाहीत, हे त्याचे कारण असावे. सूर्यफुलाचे बी रुजताना आधी मूळ बाहेर पडते आणि दोन दले मातीवर येईपर्यंत सोटमूळ काही सेंटिमीटर खाली गेलेले असते. अनुकूल जमिनीत त्याचे टोक पुढे दिवसाला साधारण ३ ते ४ सेंटिमीटर सरकते, त्यामुळे रोपाला आठ-दहा पाने येतात तेव्हा मूळ सुमारे ६० सेंटिमीटरवर पोहोचलेले असू शकते. फुलोऱ्याच्या सुमारास ही खाली जाण्याची क्रिया जवळजवळ थांबते, कारण पानांनी तयार केलेले अन्न त्यानंतर मुख्यतः दाण्यांकडे वळते. खोल, भुसभुशीत जमिनीत हे मूळ २ मीटरच्याही खाली गेल्याचे आढळते. मात्र पाणी घेण्याचे बहुतेक काम ८० सेंटिमीटर ते दीड मीटरपर्यंतच्या थरात चालते. याचा अर्थ असा की, मूळ किती खोल जाणार हे कळी दिसण्यापूर्वीच्या काही आठवड्यांत बरेचसे ठरून जाते, आणि त्या काळात आपण दिलेले हलके पाणी वरच्या १०-१५ सेंटिमीटरच्या खाली उतरलेच नसावे.

कोरड्या मातीत मूळ का शिरत नाही, हेही पाहू. मूळ लांबते ते टोकाजवळच्या पेशी पाण्याने फुगून ताणल्या जातात म्हणून. माती कोरडी होऊ लागली की या पेशी आपल्या आत साखर आणि क्षार साठवून पाणी ओढून धरतात, आणि म्हणून ओल थोडी कमी झाली तरी मुळांची वाढ काही काळ चालू राहते. पानांना हे तितकेसे जमत नाही. सूर्यफुलात पानांचे पसरणे फार लवकर मंदावते. प्रकाशसंश्लेषण घटण्याच्याही आधी. अशा वेळी उरलेले अन्न मुळांकडे जाते आणि खोडापानांच्या तुलनेत मुळांचा वाटा वाढतो. पण माती पुरती वाळली की ती कठीणही होते, आणि मग पेशींतील दाब तिला बाजूला सारायला अपुरा पडतो.

'पाणी तोडले की मूळ पाण्याच्या शोधात खाली जाते' असे सर्रास म्हटले जाते. त्यावर विसंबून राहू नये. हातभर खाली पाणी आहे हे मुळाला कळण्याचा मार्ग नाही. ओलीकडे वळण्याचा गुण मुळांत असतो, परंतु तो टोकाला लागून असलेल्या मातीपुरताच चालतो. सोटमूळ खाली जाते ते गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने, आणि खालच्या थरात ओल सापडली तर तेथे उपमुळे भराभर फुटतात. वरचा थर हळूहळू वाळत असताना खालचा थर ओला असेल, तर पाणी लांबवण्याचा फायदा होतो. खाली आधीच कोरडे असेल, तर पाणी तोडल्याने रोप फक्त खुजे राहील. म्हणूनच पेरणीपूर्वी निदान ६० ते ९० सेंटिमीटरपर्यंत जमीन भिजवून घ्यावी आणि वाफशावर (माती ओलसर पण चिखल नसलेली असताना) पेरणी करून उगवण नीट झाल्यावर पुढची पाळी थोडी लांबवावी, हा क्रम मला योग्य वाटतो.

खोलीचा फरक किती पडतो ते हिशेबाने पाहा. मध्यम पोताची जमीन मीटरभर खोलीत पिकाला घेता येईल असे सुमारे १५० मिलिमीटर पाणी धरते असे मानू. त्यातील ४५ टक्क्यांपर्यंत पाणी सूर्यफूल ताण न जाणवता वापरू शकते, म्हणजे अंदाजे ६७ मिलिमीटर. कडक उन्हाच्या दिवसांत पीक रोज ७ मिलिमीटर पाणी उडवत असेल, तर मीटरभर खोल मुळांना ही शिदोरी नऊ दिवस पुरते. मुळे ३० सेंटिमीटरवरच थांबलेली असतील, तर तिसऱ्या दिवशीच पीक मान टाकते. आपण पाठवलेले वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते.

पाणी किती खोल गेले हे पाहायला महागडे यंत्र लागत नाही. बोटाएवढ्या जाडीची, टोकाला किंचित निमुळती लोखंडी सळई घ्यावी आणि पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी ती दोन्ही हातांनी सरळ दाबावी. ओल्या मातीत ती सहज उतरते आणि कोरडा थर लागला की मुकाट थांबते. दगड लागला तर खणकन आवाज येतो आणि हाताला झणझण जाणवते. चार-सहा ठिकाणी दाबून पाहिले म्हणजे अंदाज पक्का होतो.

प्रश्न : दुपारी पाने लोंबतात आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतात. हे पाहून पाणी द्यावे का?

उत्तर : केवळ दुपारच्या लक्षणावरून देऊ नये. सूर्यफुलाची पाने मोठी असतात आणि उन्हात त्यांतून पाणी इतक्या वेगाने उडते की, जमिनीत पुरेशी ओल असूनही मुळांचा पुरवठा काही तास मागे पडतो. स्टीफन हेल्स या इंग्रज अभ्यासकाने १७२४ साली कुंडीतील साडेतीन फूट उंच सूर्यफुलावर हे मोजले होते. कुंडीचे तोंड शिशाच्या पातळ पत्र्याने बंद करून तो सकाळ-संध्याकाळ तिचे वजन करी, आणि बारा तासांच्या दिवसात त्या एका झाडातून सरासरी २० औंस, म्हणजे सुमारे ५७० ग्रॅम पाणी उडते असे त्याला आढळले. पुढे त्याने त्याच्या मुळांची एकूण लांबी काढली ती १४४८ फूट भरली. तरीही मुळांचे पृष्ठफळ पानांच्या निम्म्याहूनही कमी निघाले. दुपारची ओढाताण यावरून समजते.

निर्णय पहाटे घ्यावा. सूर्योदयापूर्वीही पाने लोंबलेलीच असतील, तर रात्रभरात मुळांना तूट भरून काढता आलेली नाही आणि जमिनीतील ओल खरोखर संपत आली आहे असे समजावे. जमिनीतील पाण्याचा 'कायमचा म्लानबिंदू' प्रयोगशाळेत ठरवताना बुटके सूर्यफूलच प्रमाण म्हणून वापरले गेले आहे: डब्यातील मातीत रोप वाढवायचे, पाणी बंद करायचे आणि दमट, बंद जागेत ठेवूनही ते ज्या ओलीवर सावरत नाही ती मोजायची. ती ओल साधारण १५ बार (बार हे दाबाचे एकक) इतक्या ओढीने मातीला चिकटलेली असते. शेतातील पीक मात्र तिथपर्यंत जाऊ देऊ नये, कारण त्याआधीच मुळावरची सूक्ष्म लव सुकून जाते, मूळ किंचित आकसते आणि त्याचा मातीशी असलेला स्पर्श तुटतो. मग पाणी दिल्यावरही नवी टोके आणि नवी लव येईपर्यंत पीक ओढलेलेच दिसते.

प्रश्न : जोराच्या पावसानंतर सखल भागात चार-पाच दिवस पाणी साचले होते. तेथील झाडे पाण्यात उभी असूनही मलूल झाली, खालची पाने पिवळी पडली आणि मातीलगतचे खोड जाड झाले. त्यावर पांढरी मुळेही फुटली आहेत. हा रोग आहे का?

उत्तर : आपण दिलेली सर्व लक्षणे श्वास कोंडल्याची आहेत. रोग नंतर येऊ शकतो, सुरुवात त्याने झालेली नाही. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि ती त्यांना मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून मिळते. या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायूचा पुरवठा जवळजवळ बंद पडतो, कारण तो हवेपेक्षा पाण्यातून सुमारे दहा हजार पटीने हळू पसरतो. मातीत उरलेला थोडा प्राणवायू मुळे आणि सूक्ष्मजीव मिळून लवकरच संपवतात; माती उबदार असेल तर एक-दोन दिवसांतच. त्यानंतर सर्वांत आधी मरतात ती वाढती टोके, कारण सर्वाधिक ऊर्जा त्यांनाच लागते.

पाण्यात उभे राहून झाड का सुकते याचे उत्तर मुळांच्या पेशींत आहे. प्राणवायू तुटला की पेशींतील द्रव आम्लधर्मी होतो, पेशींच्या आवरणातील पाणी ये-जा करण्याच्या वाटा मिटतात आणि पाण्याने वेढलेले मूळ पाणी आत घेईनासे होते. त्याच वेळी झाडात इथिलीन हा वायू साठतो. एरवी तो मातीतून निघून जातो, पण साचलेल्या पाण्यामुळे त्यालाही बाहेर पडायला वाट राहत नाही. पानांचे देठ खाली वळणे आणि खोडाचा तळ फुगणे यांत या इथिलीनचा मोठा हात असतो. त्या फुगलेल्या भागात हवेच्या पोकळ्या तयार होतात आणि तेथूनच आपण पाहिलेली नवी पांढरी मुळे फुटतात. झाडाने केलेली ही तात्पुरती सोय आहे. ती मोडू नये. पाणी ओसरल्यावर त्या मुळांवर भुसभुशीत, ओलसर मातीची हलकी भर लावता आली तर ती टिकतात.

जुन्या मुळांची स्थिती पाहण्यासाठी एखादे झाड कुदळीने मातीसकट अलगद उचलून धुवावे. जिवंत मूळ पांढरे किंवा फिकट पिवळसर आणि ताठ असते. मेलेले मूळ तपकिरी-काळसर दिसते आणि चिमटीत धरून ओढले की त्याची साल मोज्यासारखी निसटून आत दोऱ्यासारखा गाभा उरतो. मातीला सडक्या अंड्यासारखा वास येत असतो. बहुतेक सोटमूळ असे झाले असेल, तर त्या झाडाकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. वरचा अर्धा भाग शाबूत असेल, तर चर काढून पाणी बाहेर घालवावे आणि वाफसा येईपर्यंत शेतात पाय घालू नये. चिखलात फिरल्याने उरल्यासुरल्या पोकळ्याही दबतात. अशी झाडे सावरली तरी त्यांची मुळे उथळ राहिलेली असतात, म्हणून पुढे पावसाची उघडीप होताच त्यांना इतरांच्या आधी पाणी द्यावे लागते. नुकतेच बुडून निघालेल्या पिकाला पाणी देण्याची कल्पना विचित्र वाटते खरी, पण या झाडांच्या बाबतीत ती बरोबर आहे.

प्रश्न : उपटून पाहिलेल्या झाडांचे सोटमूळ वीतभर खाली जाऊन काटकोनात वळलेले होते. पाणी भरपूर दिले होते. मग ओलीचा यात काय संबंध?

उत्तर : संबंध आहे, पण दोष मुख्यतः घट्ट थराचा दिसतो. वर्षानुवर्षे एकाच खोलीवर नांगरट केल्याने किंवा ओल्या जमिनीत जड यंत्रे फिरवल्याने असा थर तयार होतो. मातीचा रोध २ मेगापास्कलच्या (म्हणजे २० बारच्या) आसपास गेला की बहुतेक पिकांच्या मुळांची वाढ अगदी मंदावते, आणि तोच थर ओला असताना मऊ व वाळल्यावर विटेसारखा होतो. त्यामुळे मूळ तिथे पोहोचले त्या दिवसांत थर ओला होता की कोरडा, यावर ते आरपार जाणार की वळणार हे ठरते. भरपूर पाणी दिल्याने आणखी एक गोष्ट घडली असेल: पाणी थरावर अडून राहिले आणि तेथे हवाही कमी पडली. वर सांगितलेली सळई जमीन खोलवर भिजलेली असताना दाबून पाहावी. तेव्हाही ती त्याच खोलीवर अडली तर कारण कोरडेपणा नसून घट्टपणा आहे हे निश्चित होते. थर फोडण्याचे काम जमीन कोरडी असताना करावे, म्हणजे तो तडकतो. ओला असताना फाळ नुसता कापत जातो आणि चिरेच्या कडा लिंपल्या जातात.

प्रश्न : कुंडीत सूर्यफूल लावले आहे. खालच्या ताटलीत सतत पाणी ठेवले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. तळाची माती कायम चिंब राहून मुळे वरच्या भागातच गुंडाळत राहतील. तळाच्या छिद्रांतून पाणी बाहेर येईपर्यंत एकदा भरपूर पाणी घालावे, ताटली रिकामी करावी आणि वरची बोटभर माती कोरडी झाल्यावरच पुन्हा पाणी द्यावे. कुंडी खोल घ्यावी, आणि उंच वाढणारे वाण टाळावे.

प्रश्न : पाणी मोजकेच आहे. मुळे खोल गेली आहेत असे गृहीत धरून फुलोऱ्यानंतर पाणी बंद केले तर?

उत्तर : कळी, फुलोरा आणि दाणे भरणे या तीन अवस्थांत ताण बसला तर नुकसान सर्वाधिक होते, म्हणून मोजके पाणी याच काळासाठी राखून ठेवावे. खोल मुळांचा आधार मिळतो, पण तोही खाली ओल शिल्लक असेल तोपर्यंतच. शिवाय वरचा थर फार काळ कोरडा राहिला की त्यातील अन्नद्रव्ये पाण्याअभावी मुळांना मिळत नाहीत, खाली कितीही ओल असली तरी. सूर्यफुलाला बोरॉनची गरज मोठी असते आणि ते मुळांपर्यंत मुख्यतः पाण्याच्या प्रवाहाबरोबर येते. म्हणूनच कोरड्या काळात कोवळी पाने जाड, वेडीवाकडी होणे किंवा फुलाची तबकडी विकृत होणे ही लक्षणे अधिक दिसतात. दाण्यांत चीक असेपर्यंत एखादी पाळी जरूर द्यावी. तबकडीची मागची बाजू पिवळी होऊन कडेची पाकळीसारखी पाने तपकिरी पडू लागली, की पुढच्या पाण्याचा उपयोग नाही.

पुढच्या पिकाचे नियोजन करताना सूर्यफुलाने खोलातील ओल इतर अनेक पिकांहून जास्त उपसलेली असते, हे लक्षात ठेवावे. काढणीनंतर गिरमिटाने मीटरभर खोलीपर्यंतची माती काढून पाहावी. खालचा नमुना मुठीत दाबल्यावर गोळा न होता भुगा होत असेल, तर पावसाने किंवा पाण्याने तो थर पुन्हा भरेपर्यंत तेथे खोल मुळांचे पीक घेऊ नये.