महामारीत महापालिका मदतीचे पैसे कुठून आणि कसे काढते?

प्रश्न असा आहे: ‘महापालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीतच ठरतो. मग मार्च २०२० मध्ये करोना आल्यावर जेवणाची पाकिटं, विलगीकरण केंद्रं, औषधं यांना पैसा आला कुठून? आणि कुठल्या कामाला किती द्यायचे हे ठरवतं कोण?’

मी राज्यातल्या एका मध्यम आकाराच्या महापालिकेत लेखा विभागात नोकरी केली. त्या काळातली बिलं माझ्याच टेबलावरून गेली. गावाचं नाव सांगत नाही, तिथले सहकारी अजून नोकरीत आहेत. आकडे लागतील तिथे मुंबईचे देतो, ते जाहीर आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे नवा पैसा फारसा आलाच नाही. अर्थसंकल्पात तरतूद असते, पण तरतूद म्हणजे तिजोरीतली रोकड नव्हे. मालमत्ता कराची बिलं निघतील, लोक भरतील, बिल्डर विकास शुल्क भरतील असं धरून ती तरतूद केलेली असते. एप्रिल-मे २०२० मध्ये कर भरणा केंद्रं बंद, बांधकामं बंद. मुंबई महापालिकेने २०२०-२१ साठी सुमारे ३३,४४१ कोटींचा अर्थसंकल्प मांडला होता. त्यात मालमत्ता कराचा अंदाज ६,७६८ कोटींच्या घरात होता, तो पुढे ४,५०० कोटींवर आणावा लागला. विकास नियोजन खात्याचं उत्पन्न ३,८७९ कोटींवरून १,२०० कोटींवर आलं. खर्च वाढायला लागला तो नेमका अशा वर्षात.

तरी पगार थांबले नाहीत, याचं मोठं कारण जीएसटीची भरपाई. १ जुलै २०१७ ला मुंबईत जकात आणि उरलेल्या शहरांत एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला. त्या बदल्यात २०१७ च्या राज्य कायद्यानुसार महापालिकांना दर महिन्याला आगाऊ रक्कम मिळते, आणि ती दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढवून धरली जाते. जकात गेली तेव्हा महापालिकांची स्वायत्तता गेली म्हणून आम्ही सगळे कुरकुरलो होतो. टाळेबंदीत जकात नाक्यावर ट्रकच आला नसता, हेही तितकंच खरं.

आता ‘ठरवतं कोण’ याबद्दल. एरवी खर्चाचा प्रस्ताव खात्याकडून निघतो, लेखा विभाग तरतूद आहे की नाही हे पाहतो, निविदा निघते, स्थायी समिती मंजुरी देते. महामारीत एवढा वेळ नसतो. मुंबई सोडून बाकीच्या शहरांना लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६७(३)(क) आहे. साथ किंवा अचानक आपत्ती आली तर आयुक्त लगेच हवी ती कारवाई करू शकतात, फक्त त्याची माहिती स्थायी समितीला आणि महासभेला ताबडतोब द्यायची. मुंबईचा कायदा १८८८ चा, वेगळा. तिथे तातडीच्या खरेदीला कलम ७२(३) चा आधार घेतला गेला, आणि मार्च २०२० मध्ये स्थायी समितीनेच खर्चाचे वाढीव अधिकार प्रशासनाला दिले. थोडक्यात, आधी खर्च आणि मग कार्योत्तर मंजुरी. नगरसेवक त्यावर महिनोन्महिने ओरडत राहिले. काहींचं ओरडणं रास्त होतं, काहींना निविदेतलं आपलं माणूस सुटल्याचं दुःख होतं.

पण आयुक्तांनी सही केली म्हणून पैसा तयार होत नाही. तो कुठल्या तरी लेखाशीर्षावरून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या दुसऱ्या ओळीवरून, उचलावा लागतो. याला आमच्याकडे वर्गीकरण म्हणतात, आणि खरं बजेट तिथे होतं. पगार, पेन्शन, वीजबिल, कर्जाचे हप्ते, कचरा उचलायचं कंत्राट यांना हात लावता येत नाही. उरतात भांडवली कामं: रस्ते, नाट्यगृह, उद्यानातली कारंजी, चौक सुशोभीकरण आणि नगरसेवकांची प्रभागातली कामं. आमच्याकडे आधी सुशोभीकरण गेलं, मग सुरू न झालेले रस्ते. प्रभागातल्या कामांना हात लावायची वेळ आली तेव्हा बैठका लांबल्या, कारण पुढची निवडणूक सगळ्यांना दिसत होती. सर्वात सोपा मार्ग मात्र कागदावर कधीच लिहिला जात नाही: चालू कामांच्या ठेकेदारांची बिलं रोखून धरायची. महापालिका असं बिनव्याजी कर्ज नेहमीच काढत असते, त्या वर्षी जरा जास्त काढलं एवढंच. मुंबईकडे निदान हजारो कोटींच्या मुदतठेवी होत्या. ड वर्गातल्या, म्हणजे सर्वात लहान गटातल्या महापालिकेकडे ठेवी म्हणजे ठेकेदारांची अनामत रक्कम.

वरून किती आलं? १४ मार्च २०२० ला केंद्राने करोना ही आपत्ती धरून राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून खर्चाला परवानगी दिली. पण विलगीकरण, तिथलं जेवण, तपासण्या यांना वार्षिक निधीच्या २५ टक्के आणि उपकरणांना १० टक्के अशी मर्यादा होती. सप्टेंबरमध्ये ती मिळून ५० टक्क्यांवर नेली. हा पैसा राज्याकडून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत येतो. तो ठरलेल्या कामालाच वापरायचा आणि तसा वापरल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं. आमचा पहिला हप्ता आला तोवर विलगीकरण केंद्राचा मंडपवाला तीनदा येऊन गेला होता. दुसरीकडे ४ मे २०२० ला राज्याच्या वित्त विभागाने खात्यांना वर्षाच्या तरतुदीपैकी ३३ टक्केच खर्च करायला सांगितलं आणि नवी कामं थांबवली. आरोग्याला आणि मदत-पुनर्वसनाला प्राधान्य होतं, पण शहरांच्या इतर अनुदानांवर त्याची झळ बसायची ती बसलीच. अमेरिकेत २०२१ च्या कायद्याने राज्यांना आणि शहरांना ३५० अब्ज डॉलर दिले, आणि रक्कम कशावर खर्च करायची ते २०२४ अखेरपर्यंत ठरवा, २०२६ अखेरपर्यंत खर्च करा अशी मुदत दिली. इतकं आधी कळलं तर नियोजन करता येतं. आम्हाला पुढच्या महिन्याचं माहीत नसायचं.

आता एका बिलाची गोष्ट सांगतो, म्हणजे ‘अंदाज’ काय प्रकार असतो ते कळेल. परप्रांतीय मजूर आणि बेघर यांच्यासाठी खिचडीची पाकिटं. अंदाजपत्रक म्हणजे रोजची संख्या गुणिले दर गुणिले दिवस. दर ठरवता आला. दिवस कुणालाच माहीत नव्हते: आधी १४ एप्रिलपर्यंत, मग ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे. प्रत्येक वेळी टिपणी नवी, मंजुरी नवी. संख्या प्रभाग कार्यालयं देत, आणि प्रत्येक प्रभाग हाताशी थोडी जास्त असावीत म्हणून फुगवून देई. १ मेपासून श्रमिक रेल्वे सुटल्या, मजूर गेले, मागणी निम्म्याच्या खाली आली. पण करारात रोजची किमान संख्या लिहून बसलो होतो. पुरवठादाराने त्या किमान संख्येचं बिल लावलं. सोबत काय होतं? टेम्पो चालकाची सही आणि प्रभागाचा शिक्का. पाकिटाचं वजन कुठेच नाही. नंतर लेखापरीक्षकांनी विचारलं, ही खिचडी खाल्ली कुणी, लाभार्थ्यांची यादी द्या. अनवाणी पायी निघालेल्या माणसाची पाकीट देताना सही कोण घेणार? आणि यादी नाही म्हणून बिलात पाणी घातलं नसेल असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. काही रक्कम कापली. बाकीची दिली.

रोख मदतीत अडचण उलटी. तिथे यादी असली तरच पैसे. एप्रिल २०२१ मध्ये निर्बंध लावताना राज्याने ५,४७६ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात नोंदणीकृत फेरीवाल्यांना, परवानाधारक रिक्षावाल्यांना, बांधकाम कामगारांना, घरकामगारांना प्रत्येकी १,५०० रुपये होते, आणि ३,३०० कोटी जिल्ह्यांना कोविड सुविधांसाठी होते. ‘नोंदणीकृत’ या अटीवर सगळं अडलं. मुंबईत २०१४ च्या फेरीवाला सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार अर्ज आले आणि पात्र ठरले पंधरा हजारांच्या आसपास. म्हणजे मदत कुणाला मिळणार हे सात वर्षांपूर्वी रखडलेल्या सर्वेक्षणाने आधीच ठरवून टाकलं होतं. माझं स्पष्ट मत आहे की संकटकाळात शहराची सर्वात महागडी उणीव पैशाची नसते, यादीची असते. ती शांततेच्या काळात काही लाखांत तयार होते, पण त्या वेळी तिला कुणी तरतूद देत नाही.

मदतीचा आणखी एक प्रकार अर्थसंकल्पाच्या खर्चाच्या बाजूला दिसतच नाही: सोडून दिलेला महसूल. कराची मुदत वाढवणं, दंड माफ करणं, महापालिकेच्या गाळ्यांचं भाडं सोडणं. जानेवारी २०२१ मध्ये राज्याने बांधकामावरच्या अधिमूल्यात (बिल्डर भरतात त्या प्रीमियममध्ये) त्या वर्षअखेरपर्यंत ५० टक्के सवलत दिली. निर्णय मंत्रालयात झाला, खड्डा महापालिकांच्या तिजोरीतही पडला. घरं विकली गेली हे मान्य. पण फेरीवाल्याच्या १,५०० रुपयांवर जितकी चर्चा झाली त्याच्या दशांशही या सवलतीवर झाली नाही.

हिशेबाचं काय झालं? जिथे पहिल्याच महिन्यात कोविडसाठी वेगळं लेखाशीर्ष उघडलं, तिथे निदान बेरीज लागते. जिथे उघडलं नाही, तिथे औषधं वैद्यकीय खात्यात, मंडप विद्युत विभागात, फवारणी घनकचऱ्यात आणि फलक मुद्रणालयात, असा खर्च विखुरला. मुंबईच्या कामांची ‘कॅग’ने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, केलेली विशेष तपासणी मार्च २०२३ मध्ये विधिमंडळात मांडली गेली. सुमारे १२,०२३ कोटींची कामं तपासायची होती. त्यातल्या ३,५३८ कोटींच्या कोविड खर्चाची कागदपत्रं साथरोग कायदा आणि आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा हवाला देऊन दिली गेली नाहीत, त्यामुळे तो भाग बाहेर राहिला. एप्रिलमधली पीपीई किटची खरेदी सप्टेंबरच्या दराशी ताडून पाहणारे लेखापरीक्षकही मी पाहिलेत, आणि ते अन्यायाचं आहे. म्हणून कागदच दाखवायचे नाहीत, हे मात्र मला पटत नाही.

तुमच्या शहराचं पाहायचं असेल तर २०२१-२२ चं अंदाजपत्रक संकेतस्थळावरून उतरवून घ्या. त्यात २०२०-२१ चा मूळ अंदाज आणि सुधारित अंदाज शेजारी शेजारी असतात. आरोग्याचं पान शेवटी उघडा. आधी रस्ते, उद्यानं आणि ‘प्रभागस्तरीय कामे’ यांत किती घटलं ते पाहा, मग २०२२-२३ च्या पुस्तकात त्याच ओळींचा प्रत्यक्ष खर्च. ‘दायित्व’ (द्यायची राहिलेली देणी) या नावाचा तक्ता जोडलेला असेल तर तोही वाचा. रोखून धरलेली बिलं तिथे सापडतात.