वाचक विचारतात: अंतराळातले चाचे, स्मगलर आणि रिकामी गाडी

मागच्या अंकात मी अंतराळातल्या चाच्यांच्या आणि स्मगलरांच्या साहस-कादंबऱ्यांवर लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याचं अख्खं सदर त्यांनाच देतेय.

प्रश्न: मुलगा 14 वर्षांचा आहे, सिनेमे बघून त्याला अंतराळातल्या स्मगलरांचं वेड लागलंय. इंग्रजी बऱ्यापैकी वाचतो. सुरुवात कशाने करू? आणि मलाही एखादं सुचवा. (एक आई, सांगली)

आयझॅक अॅसिमॉवने पॉल फ्रेंच या टोपणनावाने मुलांसाठी लकी स्टारची मालिका लिहिली होती, त्यातलं 1953 चं 'लकी स्टार अँड द पायरेट्स ऑफ द अॅस्टेरॉइड्स' द्या त्याला. पुस्तक जुनंय, पण पळतं मस्त, एका रविवारात संपेल. जरा मोठा झाला की मग अॅलस्टेअर रेनॉल्ड्सचं 'रिव्हेंजर' (2016). हा लेखक मुळात खगोलशास्त्रज्ञ, 2004 पर्यंत युरोपियन स्पेस एजन्सीत नोकरीला होता. त्याच्या गोष्टीत दोन बहिणी घर सोडून जहाजावर काम धरतात, जहाजांना चक्क शिडं आहेत आणि ती उजेडाच्या दाबावर चालतात, आणि बोसा सेनेन नावाची चाच्यांची कॅप्टन अशी आहे की मी एक प्रकरण दिवसाउजेडी वाचलं. मारामारी अंगावर येणारी आहे, त्यामुळे आधी तुम्ही वाचून बघा मग द्या.

तुमच्यासाठी म्हणाल तर सी. जे. चेरीचं 'मर्चंटर्स लक' (1982), माझं सगळ्यात लाडकं. सँडोर क्रेया हा एकटा तरुण, घरची जवळजवळ सगळी माणसं चाच्यांच्या हल्ल्यात गेलेली, हातात एक जुनं जहाज उरलंय, आणि ते तो खोट्या नावाने आणि खोट्या कागदांवर एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेतोय. हे मला इतकं आपलं का वाटतं सांगू? माझे काका कराडहून गुळाची गाडी घेऊन मुंबईला जायचे, वाशीला माल उतरला की कधीकधी दोन-दोन दिवस रिटर्न भाड्याची वाट बघत गाडीखालीच पथारी टाकायचे, कारण रिकामी गाडी परत आणली तर डिझेलही अंगावर आणि हप्ताही अंगावर. शर्टाच्या खिशात बिल्टीची, म्हणजे मालाच्या पावतीची, गुलाबी घडी, घामाने मऊ पडलेली, आणि चेकपोस्ट दिसला की हात आपोआप तिथे जायचा. सँडोर कागद दाखवायला उभा राहतो ना, तेव्हा मला तो हात दिसतो. माझ्या मते या प्रकारातली चांगली कादंबरी ओळखायची खूण हीच, जहाजाचा मालक पैशांच्या काळजीत दिसला पाहिजे. ज्याला इंधनाची चिंताच नाही त्याची गोष्ट मी पन्नास पानांत सोडून देते.

प्रश्न: मी इंजिनियर आहे. अंतराळात लपता येत नाही आणि पाठलागही होत नाही, मग या सगळ्या कादंबऱ्या भंपक नाहीत का? (पुणे)

तुमचं अर्ध म्हणणं मला मान्य आहे. लघुग्रहांच्या पट्ट्यात दगडांच्या गर्दीतून वळणं घेत पळणारं यान आपण सगळ्यांनी बघितलंय, पण खऱ्या पट्ट्यात दोन मोठ्या दगडांमध्ये सरासरी 10 लाख किलोमीटरच्या आसपास अंतर असतं, म्हणजे पृथ्वी ते चंद्र अंतराच्या अडीच पट, तिथे दडणार कशामागे? आणि माणसं आत जिवंत ठेवायची तर यान उबदार ठेवावं लागतं, बाहेर मात्र उणे 270 अंश, त्यामुळे ती ऊब दुर्बिणीला शेकोटीसारखी दिसणार. पाठलागाचंही तसंच. नुसतं गाठून चालत नाही, माल लुटायचा तर समोरच्याच्या वेगाशी वेग जुळवावा लागतो, त्यात इंधन जातं, मग परत घरी फिरायला आणखी जातं, म्हणजे लुटीपेक्षा खर्चच जास्त व्हायचा.

पण म्हणून सगळं भंपक? नाही हो. मंगळावरून पृथ्वीवर संदेश यायला ग्रहांच्या जागेप्रमाणे 3 ते 22 मिनिटं लागतात, गुरूपासून तर अर्ध्या तासाच्या वर, म्हणजे मदत मागितली तरी "हो, ऐकलं" एवढं उत्तर यायलाही तास-दीड तास जाणार आणि प्रत्यक्ष मदत पोचायला महिने. पोलीस इतके लांब असले की चाचेगिरीला जागा होतेच. आणि लपायचं यानाला नसतंच, लपवायचा असतो माल, तोही कागदात. आपल्या समुद्रातही तस्करीचा कंटेनर भर दिवसा बंदरात येतो, सगळ्यांना दिसतो, फक्त आत काय आहे ते चुकीचं लिहिलेलं असतं. ज्या लेखकाला हे कळलंय त्याची गोष्ट गोदीत, वजनकाट्यावर, कस्टमच्या खिडकीत रंगते, तोफांची गरजच पडत नाही. तुम्ही इंजिनियर आहात म्हणून मुद्दाम सांगते, तुम्हाला अशाच आवडतील.

प्रश्न: खरोखर कोणी अंतराळात काही लपवून नेलंय का? (इयत्ता नववी, रत्नागिरी)

नेलंय! 23 मार्च 1965 ला अमेरिकेचं जेमिनी 3 हे यान उडालं, त्यात जॉन यंगने सूटच्या खिशात कॉर्न्ड बीफचं सँडविच लपवून नेलं आणि वर गेल्यावर कॅप्टन गस ग्रिसमला दिलं. त्याने एक घास घेतला तर ब्रेडचे कण तरंगायला लागले, म्हणून लगेच खिशात परत. हसू येतं, पण ते कण एखाद्या यंत्रात शिरले असते तर काय, म्हणून अमेरिकेच्या संसदेपर्यंत चर्चा गेली. यंगचं करियर काही संपलं नाही, तो पुढे चंद्रावर चालला आणि 1981 मध्ये पहिल्या स्पेस शटलचा कमांडर झाला.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. 1971 मध्ये अपोलो 15 च्या तिघा अंतराळवीरांनी परवानगी न घेता टपाल तिकीट लावलेली जवळजवळ 400 पाकिटं चंद्रावर नेऊन परत आणली. त्यातली 100 जर्मनीतल्या एका तिकिट-व्यापाऱ्याकडे गेली आणि विकली गेली. ठरलं होतं की प्रत्येकाला सुमारे 7000 डॉलर मिळतील. बोभाटा झाला, पैसे त्यांनी परत केले, पण राखीव तुकडीतून काढून टाकलं आणि पुन्हा कोणीच उडालं नाही. बघ, माल किती हलका, कागदाचा, आणि किंमत फक्त एवढ्यासाठी की तो तिथे जाऊन आला. यावर गोष्ट लिहून बघशील का?

प्रश्न: चोर-लुटारूंना हिरो करणारी पुस्तकं मुलांना का द्यायची? (निवृत्त शिक्षक, अलिबाग)

सर, तुम्ही अलिबागचे, तुमच्या दारात कुलाबा किल्ला आहे. कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाने त्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा हा त्यांचा आग्रह, आणि इंग्रजांनी मात्र त्यांना पायरेट लिहून ठेवलं. पोर्तुगीज स्वतः कार्ताझ नावाचा तसलाच परवाना विकत होते, त्यांना कोणी तसं म्हटलं नाही. चेरीच्या कादंबऱ्यांतले चाचेही असेच, मुळात ते पृथ्वीच्या कंपनीचं अधिकृत आरमार, युद्ध संपवायचा तह झाला, कंपनीने हात वर केले आणि कालचे सैनिक चाचे झाले. पण चेरी त्यांना माफ करत नाही, सँडोरची माणसं त्यांनीच मारलेली असतात. मुलांनी हे दोन्ही एकदम वाचावं, कोणाला चाचा कोण म्हणतंय तेही आणि त्या चाच्याने काय केलंय तेही, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: मी मराठीत अशी गोष्ट लिहितोय, स्मगलरला तस्कर म्हणू का? (नागपूर)

निवेदनात तस्कर चालेल, बोलण्यात स्मगलरच ठेवा, कोणीही "मी तस्कर आहे" असं म्हणत नाही. सुरुवात मालापासून करा: काय आहे, किती किलो आहे, कोणाच्या उधारीवर उचललाय. यान मग आपोआप येईल. पहिलं प्रकरण झालं की पाठवा, मी वाचते.