मुलीला आधी दस्त वाचायला बसवा

(अंबाजोगाईहून एका वडिलांचं पत्र आहे. ते बावीस वर्षं वकिलांकडे कारकुनी करतात. मुलगी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला. परदेशात वकिलांना मृत्युपत्र आणि ट्रस्टचे दस्त तयार करून देणारं सॉफ्टवेअर असतं, तसं मराठीत करायचं तिनं डोक्यात घेतलंय. वडील विचारतात, "यात पोटापाण्याचं जमेल का, की एलएलबीला घालू? आणि मशीनच मसुदा लिहायला लागलं तर आमचं काय?")

नमस्कार दादा,

मुलीला सुचलंय ते खरंच कामाचं आहे. माझ्या मावशीच्या मृत्युपत्रात जुन्या मसुद्यातला दुसऱ्याच कुणाचा तरी गट नंबर तसाच राहून गेला होता. मावशी गेल्यावर ते लक्षात आलं आणि दोघा भावांचं बोलणं बंद झालं. जुनी फाईल उघडून नावं बदलायची, या सवयीवरचा इलाज म्हणजे हे सॉफ्टवेअर. ते वकिलाला प्रश्न विचारतं आणि उत्तराप्रमाणे कलमं जोडतं. वारस अज्ञान (अठरा वर्षांखालचा) आहे म्हटलं की पालक कोण ते विचारतं. हिश्शांची बेरीज जुळली नाही की अडवतं.

पण हे प्रश्न ठरवायचे कुणी? जमीन स्वकष्टार्जित की वडिलोपार्जित? वडिलोपार्जित असेल तर माणूस फक्त स्वतःच्या हिश्शाचं मृत्युपत्र करू शकतो, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर त्यात मुलींचाही बरोबरीचा हक्क धरावा लागतो. मुस्लीम कुटुंबात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाच्या वर देता येत नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ (म्हणजे हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली जमीन) लिहिलेलं असेल तर थांबून बघावं लागतं. आपल्या मराठवाड्यात त्यात इनामी जमिनी आणि निजामकाळातल्या उर्दू नोंदींची भर. अमेरिकेतला नमुना इथं चालत नाही. तिकडे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र कोर्टातून मंजूर करून घेणं, टाळायला पुष्कळजण ट्रस्ट करतात. आपल्याकडे मृत्युपत्रच जास्त. खाजगी ट्रस्टला १८८२ चा कायदा आहे, आणि अपंग मुलाच्या सोयीसाठी वगैरे तो फार उपयोगी पडतो.

हे सगळं तुमच्या टेबलावर रोज येतं, दादा. तिच्या वर्गातल्या कुणाच्याही घरात ही शिदोरी नाही.

तुमच्या काळजीचंही सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधून मृत्युपत्र वगळलेलं आहे. मसुदा संगणकावर होईल, पण सही कागदावरच, दोन साक्षीदारांसह. म्हाताऱ्या माणसाला मसुदा वाचून दाखवणं, त्याला समजलं का बघणं, साक्षीदार गोळा करणं, हे तुमच्याकडेच राहणार. टायपिंगचं काम मात्र कमी होईल, हे तुमच्यापासून लपवत नाही.

आता शिक्षण. तीन वर्षांचं एलएलबी पदवीनंतर सीईटी देऊन होतं. मी ते करायलाच सांगेन, पण लगेच नाही. आधी वर्षभर तिनं नोकरी करावी, बहुधा पुण्याला जावं लागेल. फक्त या एका कामावर अंबाजोगाईत आज पगार मिळणार नाही. पुढे सनद घेतली तर पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली दोन्ही एकत्र चालत नाही, हे आत्ताच माहीत असू द्या.

शिकायला डॉकअसेम्बल नावाचं साधन फुकट आहे, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेवर चालतं. मराठी मजकूर तिनं युनिकोडमध्येच ठेवावा. वकिलांच्या फाईली जुन्या फॉन्टमध्ये असतात आणि दुसऱ्या संगणकावर उघडल्या की अक्षरांचा चिवडा होतो, हे तुम्ही पाहिलंच असेल.

या सुट्टीत वकीलसाहेबांची परवानगी घेऊन नावं झाकलेली दहा मृत्युपत्रं तिच्यापुढं ठेवा. प्रत्येकात काय विचारायचं राहून गेलं, ते तिला वहीत लिहू द्या. १ हेक्टर २० आर म्हणजे साधारण तीन एकर, हा हिशेब तुम्ही तोंडी करता; तिला तो प्रोग्राममध्ये बसवायला सांगा. वही भरली की मला कळवा.