कावेरी काय म्हणते?

प्रिय चिऊ,

‘नटसम्राट’ बघून झाल्यावर तू विचारलंस, “तो माणूस सगळ्यांवर ओरडतो, ती बाई सहन करते, आणि तुम्ही दोघं रडता. आता हेच मी वाचायचं पण?” बाबा हसला. मला लागलं थोडं. तोंडावर उत्तर सुचलं नाही, म्हणून लिहितेय.

आमच्याकडे हे नाटक बघायच्या आधी ऐकलेलं असायचं. 1970 साली ते रंगभूमीवर आलं तेव्हा गावात नाट्यगृह कुठलं! अण्णा आजोबा मुंबईला जाऊन बघून आले आणि मग जन्मभर बंडूमामाशी भांडले: नाटकातला म्हातारा नट आप्पा बेलवलकर कुणाचा खरा, श्रीराम लागूंचा की दत्ता भटांचा? मला कितीतरी दिवस हे दोघे आपले नातेवाईकच वाटत. शाळेच्या गॅदरिंगमध्ये दरवर्षी कुणीतरी केसांना टाल्कम पावडर फासून “कुणी घर देता का घर?” करायचा. एकाला त्या पावडरीनेच सटासट शिंका आल्या आणि तुफानाला घर मिळायच्या आत पडदा पाडावा लागला.

आजीने मात्र नाटक कधीच पाहिलं नाही. अण्णा तिला घेऊन गेले नाहीत, एवढंच. वाचनालयातून पुस्तक आणलं की ती मेथी निवडत बसायची आणि मी मोठ्याने वाचायचं. आप्पांचं लांबलचक स्वगत आलं की म्हणायची, “त्याचं ओरडणं राहू दे, कावेरी काय म्हणते ते वाच.” मग मी पानं उलटत कावेरीचं, म्हणजे आप्पांच्या बायकोचं, नाव शोधायची. तिची वाक्यं आजी दोनदा वाचायला लावायची. आप्पा सगळं मुलांना देऊन टाकतात तिथे तर दरवेळी तेच: “ताट द्यावं, पण बसायचा पाट देऊ नये.” कावेरी गेली की पुस्तक मिटायचं. पुढचं मी एकटीने वाचलं, बऱ्याच उशिरा.

नाट्यगृहात असं करता येतं का? तिथे टाळ्या आप्पांना, उजेड आप्पांवर. पुस्तकात कावेरीचं वाक्यही तेवढ्याच टाइपात छापलेलं असतं, आणि त्यावर हवं तेवढं थांबता येतं. तुमच्या शाळेत शेक्सपिअरचं ‘किंग लिअर’ आहे ना? त्यात राणी कुठे दिसते का बघ. ‘नटसम्राट’ लिहिणाऱ्या शिरवाडकरांनी त्यांच्या लिअरला, म्हणजे आप्पांना, बायको दिली. तिला गप्प बसवायचं असतं तर दिलीच नसती, असं मला वाटतं.

अर्थात 2016 चा सिनेमा मलाही आवडतो. मेधा मांजरेकरांचा चेहरा कॅमेरा इतक्या जवळ आणतो, तसा मागच्या रांगेतून कुणाला दिसला असता? पण त्यात आप्पांचा मित्र म्हणून विक्रम गोखल्यांचा रामभाऊही आला. आजी म्हणाली असती, आणखी एक बोलणारा पुरुष!

आणि खरं सांगू, आप्पा दांडगट आहेत हे तुझं म्हणणं मला पूर्ण खोडता येत नाही. आम्ही कदाचित अण्णांसाठीच रडत असू. शिवाय ती स्वगतं वाचायला मलाही जड जातात, तुला तर जातीलच. सक्ती नाही. पुस्तक हॉलमधल्या कपाटात आहे. वाटलं तर कावेरी तू वाच, आप्पा मी करते. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवू.

तुझी,
आई