टर्फवर गुडघे का सोलतात?

प्रश्न: मुलगा टर्फवर (कृत्रिम गवतावर) फुटबॉल खेळतो, घसरला की गुडघा सोलतोच, आणि बुटातून काळे दाणे घरभर. हॉकीच्या टर्फवर पाणी मारतात, मग इथे का नाही?

उत्तर: ताई, दोन्ही टर्फ वेगळे. हॉकीचं गवत आखूड, दाट, ओलं असलं की बॉल सरळ पळतो आणि घसरलं तरी कातडी वाचते. फुटबॉलचं साधारण ४० ते ६० मिमी उंच, त्यात वाळू आणि रबराचे दाणे भरतात, बहुतेकदा जुन्या टायरचे; त्यावर घासून गुडघे सोलतात, आणि तेच दाणे तुमच्या घरी येतात. उन्हात हे टर्फ भयंकर तापतं, त्यामुळे भर दुपारी खेळू देऊच नका. लांब मोजे घालायला लावा, खरचटलं की लगेच साबण-पाण्याने धुवा, आणि बूट मैदानातच झटकायला सांगा, दाणे गटारातून नदीत जातात हो.