वय सारखं, किलोमीटर सारखे, मग बॅटरी वेगवेगळी का उतरते?

तुमचा प्रश्न असा की दोन वेगळ्या मॉडेलच्या इलेक्ट्रिक गाड्या, दोन्ही चार वर्षांच्या, धावल्याही जवळपास तेवढ्याच, तरी एकीची बॅटरी नव्याच्या तुलनेत ९३ टक्के क्षमता दाखवते आणि दुसरीची ८२. बहुतेक जण लगेच सेल बनवणाऱ्या कंपनीवर बोट ठेवतात. मी आधी पॅक (सगळे सेल मिळून झालेली बॅटरी) थंड कसा ठेवलाय ते बघेन.

लिथियम-आयन सेलमध्ये ग्रॅफाइटच्या ऋण इलेक्ट्रोडवर एक पातळ थर वाढत जातो आणि त्यात थोडं लिथियम कायमचं अडकतं. उष्णतेत हे झपाट्याने होतं, गाडी नुसती उभी असली तरीही. निसान लीफ २०१० मध्ये आली तेव्हा तिच्या पॅकला द्रवाने थंड करण्याची सोय नव्हती. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उन्हात २०१२ मध्येच मालकांच्या तक्रारी सुरू झाल्या. पुढे निसानला क्षमतेची वॉरंटी द्यावी लागली, उष्णता जास्त सोसणारी बॅटरीही आणावी लागली. त्याच २०१२ मध्ये आलेल्या टेस्ला मॉडेल एसच्या पॅकमधून कूलंट, म्हणजे थंड ठेवणारा द्रव, फिरत होतं.

पॅकचा आकारही तितकाच महत्त्वाचा, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. दीड लाख किलोमीटर चालवायला १५० किलोमीटर रेंजच्या गाडीला १,००० पूर्ण सायकल (एकदा पूर्ण भरून पूर्ण वापरणं म्हणजे एक सायकल) लागतात, ४०० रेंजवालीला ३७५. शिवाय ५० किलोवॅटचा फास्ट चार्जर लहान पॅकमधल्या प्रत्येक सेलवर जास्त ताण टाकतो.

आता तुम्ही पाहिलेल्या टक्क्यांकडे येतो. काही कंपन्या क्षमतेचा बराच भाग राखून ठेवतात. पहिल्या शेवरले व्होल्टमध्ये (ती प्लग-इन हायब्रिड, म्हणजे बाहेरून चार्ज होणारी पण पेट्रोल इंजिनही असलेली) १६ किलोवॅट-अवरच्या पॅकपैकी सुमारे १० च वापरायला मिळत. अशा गाडीत सेल झिजले तरी चालकाला बराच काळ काही जाणवत नाही. म्हणून दोन मॉडेलांचे टक्के शेजारी ठेवून निकाल देणं मला पटत नाही.

एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल सायकलच्या बाबतीत दणकट असतात, पण त्यांचं व्होल्टेज चार्जच्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाट राहतं. त्यामुळे मधूनमधून १०० टक्के चार्ज केलं नाही, तर बीएमएसचा (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचा) अंदाज चुकतो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) पॅक मात्र भर उन्हात १०० टक्क्यांवर दिवसेंदिवस उभा ठेवू नका.

८२ वाली गाडी एलएफपी असेल, तर आधी पूर्ण चार्ज करून आकडा पुन्हा बघा. नंतर दोन्ही गाड्या एकाच हवामानात १० वरून १०० टक्क्यांपर्यंत भरा, मीटरवर किती युनिट गेले ते लिहून ठेवा, त्यातून चार्जिंगमधली तूट वजा करा आणि प्रत्येक गाडीची तुलना तिच्याच नव्या पॅकच्या वापरण्याजोग्या क्षमतेच्या ९० टक्क्यांशी करा.